फ्रिजच्या दारातली झोप

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे, गेल्या दिवाळीपासून दोन बाटल्या आहेत. करंगळीएवढ्या. तळाशी पांढरी पूड, म्हणजे पूडही नाही, वाळून बसलेल्या फेसाची चकती. हलवली की तुटते आणि काचेला चिकटते. रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमचं सील, वर प्लास्टिकचं टोपण. एकीचं टोपण जांभळं आहे. दुसरीचं निळं होतं, ते आता नाही. त्याचं पुढे सांगते.

निळी झोपेची आणि जांभळी इम्युनिटीची, असं आणणाऱ्याने सांगितलं. आणणारा माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. हिंजवडीत नोकरी, काम अमेरिकेच्या घड्याळावर. रात्री अडीचला लॅपटॉप मिटतो आणि मग सकाळी सहापर्यंत हा छताकडे बघत पडतो. वर दर महिन्या-दीड महिन्याने सर्दी. दिवाळीत डोंबिवलीला आमच्याकडे आला तेव्हा फराळाच्या पिशवीत बर्फाची पाकिटं घातलेला एक डबा होता. मला वाटलं आंबा बर्फी असेल.

"मावशी, तू एकतीस वर्षं हेच केलंस ना? जरा बघ, माल खरा आहे का."

एकतीस वर्षं मी अंबरनाथच्या एका इंजेक्शन बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आमच्या खात्याचं काम एकच, दुसऱ्यांनी बनवलेल्यावर संशय घेणं. निवृत्त झाल्यावर या सवयीचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही, त्यामुळे घरातल्या माणसांना फार त्रास होतो. डबा उघडून बाटली उजेडाकडे धरली. लेबलवर बारीक अक्षरांत छापलेलं: फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.

"हे वाचलंस का?"

"अगं, ते सगळेच लिहितात. कायद्यासाठी."

मी लेबल पुन्हा वाचलं आणि चहा टाकला.

पेप्टाइड हा शब्द आता घराघरांत पोचलाय, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे. तसा तो जुनाच. अमिनो आम्लांचे मणी ओवलेली आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. माळ फार लांबली की तिला प्रथिन म्हणतात. इन्सुलिन ५१ मण्यांचं. भाच्याच्या निळ्या बाटलीतली माळ अवघी ९ मण्यांची, जांभळीतली २८ ची. या माळा तोंडाने घेऊन उपयोग नाही. पोटाला त्या आणि मुगाचं वरण सारखंच, दोन्हींचे मणी सुटे करून ते मोकळं होतं. म्हणून सुई. सासूबाईंना शेवटची आठ वर्षं रोज दोनदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा सुईची भीती आमच्या घरात कुणालाच नाही. त्या भीतीचा थोडा उपयोग झाला असता असं आता वाटतं.

निळ्या बाटलीतल्या पदार्थाचं नाव डीएसआयपी. डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड, म्हणजे गाढ झोप आणणारी माळ. डेल्टा म्हणजे मेंदूच्या त्या संथ लाटा, सेकंदाला एक ते चार. गाढ झोपेत त्याच उठतात. नाव इतकं सरळ आहे की त्यावर अविश्वास दाखवणं उद्धटपणाचं वाटावं. पण ते नाव ज्यांच्यावरून पडलं ते होते ससे, आणि सशांशी माझा जुना संबंध आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे पायरोजन टेस्ट सशांवर व्हायची. इंजेक्शनमध्ये जिवाणूंचे अवशेष असतील तर माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. जिवाणू मेलेले असले तरी त्यांच्या भिंतींचे तुकडे पुरतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत, उकळून जात नाहीत. मग तीन ससे घ्यायचे, मान तेवढी बाहेर राहील अशा लाकडी पेट्यांत बसवायचे, मागून तापमापकाची तार, आणि कानाच्या कडेच्या शिरेतून औषध. कान आधी बोटाने चोळायचा, म्हणजे शीर फुगते. कान उजेडात इतका पारदर्शक दिसतो की सुई आत जाताना दिसते. मग तीन तास दर अर्ध्या तासाला आकडे लिहायचे. निर्मळ औषधाचे ससे कंटाळून पेटीच्या फळीला दात लावत. एखाद्या बॅचमध्ये घोळ असला की आकडा चढायच्या आधीच मला कळायचं. तो ससा डोळे अर्धे मिटून, मान टाकून बसायचा. आमचे लॅब अटेंडंट म्हणायचे, "मॅडम, हा झोपला. बॅच गेली."

हे वाक्य लक्षात ठेवा.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये मार्सेल मोनिए नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. १९६० च्या दशकात त्यांनी दोन सशांचे रक्तप्रवाह एकमेकांना जोडले आणि एका सशाच्या मेंदूत, थॅलॅमसमध्ये, हलका विद्युतप्रवाह देऊन त्याला झोपवलं. दुसऱ्याच्या मेंदूतही झोपेच्या लाटा उठू लागल्या. म्हणजे झोप रक्तातून गेली. मग झोपलेल्या सशांच्या मेंदूकडून परतणारं रक्त घेऊन ते गाळत गाळत, त्यांनी आणि गुइडो शोएननबर्गर यांनी १९७७ साली ती नऊ मण्यांची माळ वेगळी काढली आणि तिचा क्रम जाहीर केला. पहिला मणी ट्रिप्टोफॅन, शेवटचा ग्लुटामिक आम्ल. झोपेचा रेणू सापडला म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

पुढची गोष्ट मात्र रखडली. शरीरात एखादी माळ खरोखर कामाची असेल तर ती कुठल्या तरी जनुकावर लिहिलेली असते, तिला कापून काढलं जातं असं मोठं प्रथिन असतं, आणि तिला ओळखणारं कुलूप, म्हणजे रिसेप्टर, असतं. डीएसआयपीचं यातलं काहीच हाती लागलं नाही. ना जनुक, ना कुलूप. २००६ साली तिच्यावर जो आढावा प्रसिद्ध झाला त्याच्या शीर्षकातच तिला न सुटलेलं कोडं म्हटलेलं आहे. माणसांवर प्रयोग झाले ते बहुतेक १९८० च्या दशकात, लहान लहान गटांवर, शिरेतून देऊन. काहींत थोडा फरक दिसला. १९९२ साली जुन्या निद्रानाशाच्या १६ रुग्णांवर डबल ब्लाइंड प्रयोग झाला, म्हणजे कुणाला काय दिलंय ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. त्याचा निष्कर्ष असा की थोड्या दिवसांच्या उपचाराने मोठा फायदा होईलसं वाटत नाही. रक्तात गेलं की काही मिनिटांत तिचे तुकडे होऊ लागतात. भाचा ते पोटाच्या कातडीखाली टोचत होता, रात्री अडीचला, आणि सहा तास तिच्याकडून काम करून घ्यायची त्याची अपेक्षा होती.

"पण मला लागते ना झोप!" तो म्हणाला आणि मनगटावरच्या घड्याळाचा आलेख दाखवला. दहा दिवसांचे निळे खांब, गाढ झोपेचे, खरंच उंच झाले होते. आता ते घड्याळ नाडीवरून आणि हालचालीवरून अंदाज बांधतं, मेंदूतल्या लाटा त्याला दिसत नाहीत, हे मी सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं. मग मी विचारलं, टोचून घेतोस म्हणजे नेमकं काय काय करतोस? तर लॅपटॉप मिटल्यावर हा उठतो, फ्रिजमधून बाटली काढतो, हात धुतो, स्पिरिटने बूच पुसतो, दिवा मंद करतो. पोटाला जळजळ होते म्हणून अर्धा तास उताणा पडून राहतो. आणि फोन? "फोन हॉलमध्ये. हात बिझी असतात ना."

मी काही बोलले नाही. पण माझ्या मते त्या दहा दिवसांतलं औषध ते होतं.

जांभळ्या बाटलीशी मात्र माझं इतक्या सहज भागलं नाही. तिच्यात थायमोसिन अल्फा-१, आणि हा पदार्थ खरा आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती ऐन भरात असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. (परिभाषा समितीला लोक हसतात, पण हे नाव ज्याने घडवलं त्याचा हात चांगला होता.) १९६१ पर्यंत ती कशासाठी आहे ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तर लहान मुलांमध्ये ती 'फार मोठी' दिसते म्हणून तिला क्ष-किरणांनी भाजून काढायचे, आणि त्यातल्या कित्येकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. मग झाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि दिसलं की तिच्यावाचून प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींची ही शाळा. टी म्हणजे थायमसच.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ॲलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी वासरांच्या थायमसमधून एक अर्क काढला आणि त्याला थायमोसिन नाव दिलं. त्या अर्कातली २८ मण्यांची माळ म्हणजे अल्फा-१. तिचा क्रम लागला १९७७ सालीच. दोन्ही बाटल्या एकाच वर्षाच्या, पण नशीब निराळं. अल्फा-१ चं मूळ प्रथिन सापडलं, जनुक सापडलं, पेशींवर ती कुठे बसते त्याचा बराचसा पत्ता लागला. तीसहून जास्त देशांत हिपॅटायटिस बी सारख्या आजारांवर तिला परवानगी मिळाली. डोस १.६ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, सहा महिने ते वर्षभर. आपल्याकडेही आयसीयूत ती दिली जाते.

आयसीयूतली हकीकतही सांगण्यासारखी आहे. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या रुग्णांवर चीनमध्ये एक प्रयोग झाला, ३६१ रुग्णांवर. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. थायमोसिन दिलेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू २६ टक्के, न दिलेल्यांत ३५. आशा वाटावी असाच फरक. मग त्याच देशात २२ केंद्रांवर, हजाराहून जास्त रुग्ण घेऊन, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि २०२५ च्या सुरुवातीला उत्तर आलं: २३.४ विरुद्ध २४.१. काही फरक नाही. आमच्या लॅबमध्ये एक म्हण होती, तिसऱ्या वजनाला खरं वजन. पहिल्या दोनांत तुमचा हात असतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे खरं औषध आहे. तूच म्हणालीस."

आहे ना. हिपॅटायटिसवाल्याचं. दर दीड महिन्याला नाक गळणाऱ्या, एरवी ठणठणीत अशा तिशीतल्या पोराची सर्दी त्याने थांबते असं कुणी दाखवलेलं नाही. आणि इम्युनिटी म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे, मोटर लावली आणि भरली. कोविडच्या दिवसांत काढ्यापासून बिस्किटापर्यंत सगळ्यावर 'इम्युनिटी बूस्टर' छापून आलं, तेव्हापासून आपल्याला वाटायला लागलंय की ती जितकी जास्त तितकी बरी.

माझी चेष्टा इथपर्यंत चालू होती. मग तो सहज म्हणाला, "आईलाही सुरू करावं म्हणतो जांभळं. तिचे सांधे किती दुखतात."

त्याच्या आईला, माझ्या बहिणीला, आमवात आहे. नऊ वर्षं झाली. मिरजेला राहते, दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेते. आमवात म्हणजे काय, तर तिची प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांवर धावून जाते. मेथोट्रेक्सेट त्या प्रतिकारशक्तीला दाबून धरतं. दाबण्याचं औषध रविवारी आणि चेतवण्याचं सोमवारी? थायमोसिन अल्फा-१ च्या अधिकृत माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, उदाहरणार्थ अवयव बदललेल्यांची, त्यांना हे द्यायचं नाही. पण ते माहितीपत्रक खऱ्या खोक्यात असतं. भाच्याच्या बाटलीला खोकं नव्हतंच. माझा आवाज चढला. लहानपणी तो जिन्यावरून पडला होता तेव्हा चढला होता तसा. तो गप्प बसला आणि अनारशाचे तुकडे करत राहिला.

"मला आमवात आणि संधिवात एकच वाटायचं," थोड्या वेळाने म्हणाला.

चूक त्याची एकट्याची नाही. आपण सगळ्या सांधेदुखीला एकाच नावाने हाक मारतो.

मग मी त्याला मालाचा कागद मागितला. फोनवर होता: सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, लॅबचा शिक्का, शुद्धता ९९.१ टक्के, खाली एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख. एकच उंच सुळका, बाजूला दोन-चार खडे. आलेख सुंदर होता. त्यावर कुणीही भुलेल, मीही एकेकाळी भुलत असे. पण एचपीएलसी काय बघते? ती अतिनील प्रकाशात पेप्टाइडचे बंध बघते. तिच्या दृष्टीला पडणाऱ्या पदार्थांपैकी ९९.१ टक्के हे हे आहे, एवढंच ती सांगते. बाटलीत पाणी किती, क्षार किती, ते निराळं मोजावं लागतं. पाच मिलिग्रॅम लिहिलेल्या बाटलीत खरी माळ चारच मिलिग्रॅम असू शकते आणि तरी कागदावरचे ९९.१ खोटे ठरत नाहीत. बाटली निर्जंतुक आहे का? कागद गप्प. एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच जिवाणूंच्या भिंतींचे तुकडे? कागद गप्प. हे तुकडे इतके कमी प्रमाणात ताप आणतात की त्या सुळक्याशेजारी त्यांची टाचणीएवढीही खूण उमटणार नाही. त्यासाठी ससे लागतात, किंवा हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातून केलेली चाचणी. आमच्याकडे ती आल्यावर सशांची खोली बंद झाली. मला बरं वाटलं होतं, आणि दोन दिवस चुकल्यासारखंही.

अमेरिकेच्या एफडीएने २०२३ साली, मागणीप्रमाणे औषध बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी, सुरक्षिततेची मोठी शंका असलेल्या पदार्थांची यादी केली तेव्हा ही दोन्ही नावं तिच्यात होती. याद्यांमधली नावं मागेपुढे होत राहतात. माझी शंका त्या कागदावर जे लिहिलंच नव्हतं त्याची.

आता लॅब अटेंडंटचं ते वाक्य. हा झोपला, बॅच गेली.

झोपेचा पदार्थ शोधणारे मोनिए पहिले नव्हेत. १९०९ साली जपानात, नागोयाला, कुनिओमी इशिमोरी यांनी कुत्र्यांना जागं ठेवलं आणि त्यांच्या मेंदूतलं द्रव्य दुसऱ्या कुत्र्यांना टोचलं. ती कुत्री झोपली. पॅरिसमध्ये आंरी पिएरों यांनीही जवळपास त्याच काळात तेच केलं. पुढे हार्वर्डमध्ये जॉन पापेनहायमर यांनी बकऱ्या घेतल्या. जागवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून ते उंदरांना दिलं, आणि उंदीर झोपले. या अज्ञात पदार्थाला त्यांनी 'फॅक्टर एस' म्हटलं. पण बकरीमागे मिळणार किती? मग शेवटी माणसाचं मूत्र घेतलं. हजारो लिटर. ते आटवत, गाळत, धुवत हाती लागले काही मायक्रोग्रॅम, आणि १९८२ साली जेम्स क्रूगर, पापेनहायमर आणि मॅनफ्रेड कार्नोव्स्की यांनी सांगितलं की हा पदार्थ म्युरामिल पेप्टाइड आहे.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि दूध उतू गेलं. म्युरामिल पेप्टाइड माणसाचं शरीर बनवतच नाही. ती जिवाणूंच्या भिंतीची वीट आहे. सत्तर वर्षं जगभर ज्याचा माग काढला ते झोपेचं द्रव्य म्हणून जे हाती आलं, तो शत्रूच्या वाड्याचा तुकडा निघाला. आपल्या संरक्षक पेशी तो बघतात आणि इंटरल्यूकिन-१ नावाचा निरोप सोडतात. त्या निरोपाने ताप येतो आणि त्याच निरोपाने झोपही येते. क्रूगर यांनी हे दाखवलं तेही सशांवर. पुढे जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिन अगदी कणभर टोचून बघितलं, तर गाढ झोप वाढली. मात्रा चढवली तर झोप मोडली.

आमच्या आज्जीला हे कुणी सांगायची गरज पडली नसती. तापाच्या पोराला कुणी उठवायला गेलं की ती ओरडायची, "निजू दे त्याला, निजला की ताप उतरतो." झोप आणि रोगाशी झुंज या दोन निराळ्या बाटल्या आहेत हे तिच्या डोक्यातच नव्हतं. त्या एकाच घरातल्या जावा, एकीने पदर खोचला की दुसरी चूल सांभाळते. २०१५ साली अमेरिकेत १६४ निरोगी लोकांच्या मनगटाला आठवडाभर यंत्र बांधून झोप मोजली आणि मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने, सर्दी व्हायची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. त्याआधी २००२ साली फ्लूच्या लशीचं बघितलं होतं: काही रात्री चारच तास झोपू दिलेल्यांच्या रक्तात लस घेतल्यावर दहाव्या दिवशी प्रतिपिंडं इतरांच्या निम्म्याहून कमी होती. भाच्याची सर्दी निळ्या बाटलीच्या खात्यातली होती, आणि तो जांभळीचे पैसे भरत होता.

आणि आणखी एक विचार मनात आला, क्यूसीवालीच्याच मनात यावा असा. समजा त्या निळ्या बाटलीत माळ धड नाहीच, पण जिवाणूंच्या भिंतीचा कण आहे. मग टोचणाऱ्याला किंचित अंग जड वाटेल, डोळे मिटतील, घड्याळाचा खांब वर जाईल. तो लिहील: माल अस्सल. आणि आमचे अटेंडंट म्हणतील, बॅच गेली.

एवढं सगळं शहाणपण सांगून झाल्यावर निळ्या टोपणाची गोष्ट सांगायला लाज वाटते.

भाचा बाटल्या माझ्याकडेच ठेवून गेला. "तू टाकून दे," म्हणाला. मी टाकल्या नाहीत. मला स्वतःला अकरा वर्षं झोप नाही. तीन पाळ्यांची नोकरी संपली, पण शरीर अजून तिसऱ्या पाळीला हजर होतं. पावणेतीनला टक्क जाग. पहिली लोकल जाईपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ना, तर धोंडाच काय, कापसाची गादी, तिच्यावर कांजीची चादर, सगळं करून झालं. नोव्हेंबरातल्या एका रात्री मी उठून फ्रिज उघडला. दाराच्या उजेडात निळं टोपण चमकत होतं. ते मी अंगठ्याने उडवलं. ते टोपण एकदा उडालं की पुन्हा बसत नाही, तशीच त्याची रचना असते. बाटली कुणी उघडलीय ते कळावं म्हणून. टप्प असा आवाज झाला आणि ते ओट्याखाली कुठेतरी गेलं.

खणात सासूबाईंच्या सिरिंजा होत्या. भाच्याने पाणी घालायचा हिशोब लिहून ठेवला होता: पाच मिलिग्रॅमच्या बाटलीत दोन मिली पाणी, दहा युनिट घ्यायचे, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. मी सिरिंज हातात घेतली. लाल टोपीची होती. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन: नारिंगी टोपीची १०० युनिटची आणि लाल टोपीची ४० ची. हिशोब नारिंगीचा होता. लालवर दहाच्या रेघेपर्यंत ओढलं तर पाव मिली येतं, म्हणजे ६२५ मायक्रोग्रॅम. अडीच पट. पावणेतीन वाजता, चष्म्याशिवाय. भाच्याला हे ठाऊक असेल का? त्याच्यासारखे जे कुणी आपल्या आजोबांच्या खणातली सिरिंज घेत असतील त्यांना?

माझा हात थांबला तो तत्त्वाने नव्हे. मला लॉगबुक सापडेना. औषध काढलं की बॅच नंबर, तारीख, सही. त्यावाचून एकतीस वर्षांत सुई उचलली नव्हती. बॅच नंबरच नसलेल्या बाटलीपुढे मी बावळटासारखी उभी राहिले. फ्रिज टूंटूं करायला लागला तेव्हा दार लावलं.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी एक उपाय सांगितला, तो ऐकून मला वाटलं की चेष्टा करतायत. झोप येत नाही ना, तर अंथरुणात कमी वेळ घालवा. पाच तासच झोपता? मग साडेबारा ते साडेपाच एवढंच पलंगावर जायचं, दुपारी लवंडायचं नाही, जाग आली तर उठून खुर्चीत बसायचं. न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात मांडलेली पद्धत, आणि २०१६ पासून अमेरिकेतली डॉक्टरांची मोठी संघटना जुन्या निद्रानाशावर गोळीआधी अशा उपचारांचा संच सुचवते. बाटली नाही, सुई नाही, त्यामुळे कुणी डब्यात बर्फ घालून आणतही नाही. पहिले दोन आठवडे महाभयंकर. रात्री अकरा ते साडेबारा मी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या कोणत्या खिडकीत दिवा आहे ते मोजत असे. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ रोज मध्यरात्री इस्त्री करतात. तिसऱ्या आठवड्यात पावणेतीनची जाग सव्वाचारवर गेली. तिथेच आहे अजून. पंधरा मिनिटांनी वेळ वाढवायची डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय.

भाच्याचं काम अमेरिकेच्याच घड्याळावर आहे. फोन मात्र हॉलमध्ये ठेवतो म्हणतो.

परवा बहीण आली होती मिरजेहून, मुंबईला डॉक्टरांना दाखवायला. लोणच्याची बरणी काढताना तिच्या हाताला बाटली लागली. बोटं वाकडी झालीयत तिची, दोन्ही तळव्यांत धरून तिने ती उजेडात बघितली.

"हे काय गं, बिनटोपणाचं?"

"तुझ्या लेकाची झोप."

तिने बाटली होती तिथे ठेवली, बरणी काखेत धरली आणि दार पायाने लावलं.

"मग त्याची त्याला देऊन टाक की," म्हणाली. "इथे कशाला जागा अडवून ठेवलीयस?"